सुपरहिरोचा हास्यप्रयोग: लेकरांना कोणता दाखवावा, कोणता टाळावा

सुट्ट्या लागल्या की फ्लेक्सवर केपवाला हिरो झळकतो आणि खाली ‘लाइव्ह कॉमेडी, संपूर्ण कुटुंबासाठी’ असं लिहिलेलं असतं. या एका ओळीखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एकात रंगमंचावरचा माणूस खरोखर बोलतो, समोरचं लेकरू काय म्हणालं ते ऐकतो आणि त्याप्रमाणे पुढचा प्रसंग वळवतो. दुसऱ्यात आधीच रेकॉर्ड केलेला आवाज स्पीकरवर वाजतो, मुखवट्याआडचा माणूस नुसते हातवारे करतो आणि दर थोड्या वेळाने ‘अजून जोरात!’ म्हणून पोरांकडून ओरडून घेतो. पहिला प्रकार जमून आला तर पाच ते दहा वर्षांच्या लेकरांसाठी इतकी चांगली करमणूक मराठवाड्यात वर्षभरात क्वचितच मिळते. दुसऱ्यासाठी रिक्षाचं भाडंही खर्चू नये.

बुकिंग करताना म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: संवाद लाइव्ह आहेत की ट्रॅकवर? उत्तर गुळमुळीत आलं तर जाहिरातीचा व्हिडिओ नीट बघा. हिरोचा चेहरा पूर्ण झाकलेला असेल तर बहुतेक वेळा आवाज ट्रॅकवरच असतो. पूर्ण मुखवट्याच्या आत माइक लावला की आवाज घुमतो, श्वासाचा फुसफुसाट होतो आणि घामाने माइक मधेच बंद पडतो. म्हणून मंडळी सरळ रेकॉर्डिंग लावतात. मुखवटा फक्त डोळ्यांपुरता, ओठ उघडे आणि गालाशी हेडसेट माइकची बारीक काडी दिसत असेल तर बोलणारा माणूस तोच आहे असं धरायला हरकत नाही. उघड्या चेहऱ्याचा दुसरा फायदा अगदी लहानांना होतो. दोन-तीन वर्षांच्या लेकरांना न हलणाऱ्या चेहऱ्याचं भय वाटतं. ओठ हलताना दिसले की तेच लेकरू मिनिटाभरात सावरतं.

‘इंटरॅक्टिव्ह’ हा शब्द सगळेच छापतात. त्याची कसोटी सोपी आहे: पोरं गप्प बसली तर प्रयोग अडेल का? अडत नसेल तर पोरांचा सहभाग नुसता आवाजापुरता आहे. चांगल्या प्रयोगात हिरोला पोरांवाचून पुढे जाताच येत नाही. त्याला आपली शक्ती कशी चालू करायची ते आठवत नाही, नकाशा उलटा धरलेला असतो, खलनायक मागून जातो तो दिसत नाही. जे हिरोला कळत नाही ते समोरच्या पहिलीतल्या पोराला कळतं, आणि सगळा विनोद त्या फरकातून उगवतो. ताकदवान माणूस गोंधळलेला आणि साडेतीन फुटांचं लेकरू शहाणं, ही मांडणी घट्ट असेल तर बाकीचं निम्मं काम आपोआप होतं.

‘मागं बघ!’ हा या प्रकारातला सगळ्यात जुना आणि हमखास चालणारा प्रसंग. तो किती नीट बसवलाय यावरून मंडळींची तयारी कळते. खलनायक उजव्या विंगेतून चोरपावलांनी येतो, पोरं ओरडतात, हिरो वळतो, तेवढ्यात खलनायक त्याच्या पाठीमागून डावीकडे सरकलेला असतो. पहिल्या वेळी हिरोने पटकन वळावं. दुसऱ्या वेळी आधी पोरांना विचारावं, ‘कुठं? इकडं?’ आणि चुकीच्या बाजूला बोट दाखवावं. पोरं जिवाच्या आकांताने दुरुस्त करतात. तिसऱ्या वेळी दोघं पाठीला पाठ लावून गोल फिरतात आणि समोरासमोर येतात. इथे थांबायचं. चौथ्यांदा तेच केलं की पुढच्या रांगेतली पोरं चिडतात, हिरो मुद्दाम करतोय हे त्यांना कळतं, कुणी पाण्याची बाटली फेकतं, कुणी थेट पायऱ्या चढून वर येतं. हसू ओसरून कलकलाट होतो तो याच ठिकाणी, आणि मग पुढची दहा मिनिटं सभागृह शांत करण्यात जातात. अनुभवी कलाकार तिसऱ्या फेरीनंतर लगेच पोरांना दुसरं काम देतात: डोळे मिटा, तीन मोजा, शेजाऱ्याच्या कानात परवलीचा शब्द सांगा. चढलेला आवाज दरडावून खाली येत नाही. कुजबुजायला लावलं की येतो.

हे तंत्र आपल्याला परकं नाही. तमाशातला सोंगाड्या राजासमोर उभा राहून राजाचीच फजिती करतो आणि मधेच प्रेक्षकांशी बोलतो. पैठणच्या एकनाथांची भारुडं सादर करणारा सोंग घेऊन येतो आणि समोरच्या माणसांना बोलण्यात ओढतो. मराठी बालरंगभूमीलाही मोठी परंपरा आहे. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ सुरू केलं तेव्हापासून लहानांसाठी मोठ्यांच्या तोडीचं नाटक करायचं हा आग्रह आपल्याकडे आहे. सुपरहिरोच्या प्रयोगातली जी मंडळी सोंगाड्याकडून शिकतात त्यांचा हिरो जिवंत वाटतो. जी नुसती परदेशी चित्रपटांची नक्कल करतात, त्यांच्या मारामाऱ्या रंगमंचावर लुटुपुटूच्या दिसतात, कारण पडद्यावरची उडी इथे मारता येत नाही.

आई-बाबांना ओढून घेणारा भाग असेल तरच ‘कुटुंबासाठी’ हे म्हणणं खरं. आज लेकरांना घेऊन येणारे बरेच बाबा १९९७ साली दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ सुरू झालं तेव्हा स्वतः शाळेत होते; गोल गोल फिरायला सांगितलं की त्यांना लाज वाटत नाही, उलट हुरूप येतो. एका बाबाला वर बोलावून हिरोचा मदतनीस करायचं, पॅन्टवरून लाल चड्डी चढवायची आणि पोरांनी दिलेल्या आज्ञा पाळायला लावायच्या: यावर पोरं जितकी हसतात तितकी कशावरच हसत नाहीत, कारण घरी आज्ञा देणारा माणूस इथे आज्ञा पाळतो. त्याहून मोठी दाद मिळते ती आजोबांना. केप हरवलेला हिरो खाली उतरतो, रांगेतल्या आजोबांना हात जोडून म्हणतो, ‘बाबा, तुमचं उपरणं दोन मिनिटं देता का?’ आणि ते खांद्यावर टाकताच त्याची शक्ती परत येते. हा प्रसंग करणाऱ्यांनी उपरणं मळणार नाही याची काळजी घ्यावी आणि परत देताना आजोबांच्या खांद्यावर नीट घडी घालून ठेवावं. तेवढ्या एका कृतीने सभागृहातली सगळी म्हातारी माणसं प्रयोगाच्या बाजूची होतात. सासू-सून, बायकोचा धाक, जाडेपणा, काळा रंग यांवरचे विनोद असतील तर मात्र प्रयोग पडला असं समजा. पोरं ते दुसऱ्या दिवशी वर्गात वापरतात.

मुलं वर बोलावण्याची पद्धतही पारखून घ्यावी. ‘कोण येतंय?’ असं मोघम विचारलं की चाळीस जण धावतात, पायऱ्यांवर रेटारेटी होते, आणि वर पोचतं ते सगळ्यात दांडगं पोरगं. नीट शिकलेली मंडळी स्वतः खाली येतात, बसलेल्यांतून निवडतात, मागच्या रांगांतून निदान एक जण घेतात, नाव विचारतात आणि ते अचूक उच्चारून सगळ्यांना पुन्हा ऐकवतात. वर आलेल्या लेकराला लगेच हातात धरायला वस्तू देतात: टॉर्च, भोंगा, दोरीचं टोक. रिकाम्या हातांनी उभं राहिलेलं लेकरू घाबरतं. हातात काम असलं की प्रेक्षक विसरतं. कुणी रडायला लागलं तर थट्टा न करता त्याला आईपर्यंत पोचवायचं आणि त्याने केलेल्या मदतीबद्दल टाळ्या मिळवून द्यायच्या. बारा-तेरा वर्षांच्या पोरांना वर बोलावलं तर ती संकोचून तुसडी होतात. त्यांना खलनायकाच्या टोळीत घ्यावं किंवा दिव्याचा झोत फिरवायला द्यावा, मग ती मन लावून काम करतात.

मराठवाड्यात भाषेचा प्रश्न जरा जास्त नाजूक आहे. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडच्या सभागृहात एका रांगेत मराठी, दखनी (इथली बोली उर्दू) आणि हिंदी बोलणारी, तशीच इंग्रजी माध्यमातली पोरं बसलेली असतात. पुण्या-मुंबईहून आलेला संच शुद्ध पुस्तकी मराठीत शब्दांच्या कोट्या करतो तेव्हा पहिली दहा मिनिटं थंड जातात. तोच खलनायक दखनीत ‘नक्को रे बाबा’ म्हणाला किंवा लातूरच्या प्रयोगात हिरोने ‘काय करलालास?’ विचारलं, की सभागृह त्याचं होतं. बोलीची नक्कल करून तिला हसायचं नसतं, तिच्यात बोलायचं असतं. पोरांना हा फरक लगेच जाणवतो. विषयही इथलाच असला तर बहार येते. ज्या शहरांत नळाला रोज पाणी येत नाही, ज्यांतल्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे पाणी पळवणारा खलनायक आणि टँकरच्या मागे धावून दमलेला हिरो यांची ओळख करून द्यावी लागत नाही. नामांकित परदेशी पात्रांचे पोशाख परवानगीवाचून वापरून तिकीट लावणं कायद्यातही अडचणीचं आहे. स्वतःचा हिरो घडवणारी मंडळी त्या कटकटीतून सुटतात आणि विनोदालाही मोकळी होतात.

लेकरांच्या प्रयोगाचं घोडं सगळ्यात जास्त पेंड खातं ते ध्वनीत. दोनशे पोरं एकदम ओरडली की ऑपरेटर घाबरून आवाज चढवतो, पोरं त्याच्यावर ओरडतात, तो अजून चढवतो, आणि हिरो माइकसह स्पीकरच्या पुढे आला की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. स्पीकर रंगमंचाच्या पुढच्या कडेच्याही पुढे ठेवले आणि कलाकारांनी खाली उतरताना हॅन्डमाइक बंद केला, तर हे टळतं. प्रत्येक प्रयोगाआधी माइकच्या बॅटऱ्या नव्या घातल्या पाहिजेत. पडझडीच्या विनोदाला ‘ढप्प’, ‘टुंईंग’ असे आवाज लॅपटॉपवरून दिले तर ते बऱ्याचदा क्षणभर उशिरा येतात आणि पंच मरतो. ऑक्टोपॅडवाला (ऑक्टोपॅड म्हणजे काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) समोर बसून कलाकाराच्या पायाकडे बघत वाजवत असेल तर तोच प्रसंग दुप्पट हसवतो. ज्या संचाबरोबर ऑक्टोपॅड आहे, तो शक्यतो चुकवू नये.

प्रकाशाबद्दल एकच आग्रह: पूर्ण अंधार नको. मोठ्यांच्या नाटकासारखा ब्लॅकआउट केला की तीन-चार ठिकाणांहून रडणं सुरू होतं आणि ते पसरतं. सभागृहातले दिवे मंद का होईना, शेवटपर्यंत चालू हवेत. कलाकारांनाही त्याशिवाय पोरांचे चेहरे दिसत नाहीत आणि उत्तरं कुणाकडून आली ते कळत नाही. झटपट लुकलुकणारा स्ट्रोब लाइट सेकंदाला तीनहून अधिक वेळा चमकत असेल तर फिट येणाऱ्या मुलांना तो धोक्याचा. दारावर सूचना लावलेली नसेल तर व्यवस्थापकाला विचारून घ्यावं. धुराचं तसंच. मशीनच्या धुराने दम्याच्या मुलांना खोकला लागतो, आणि कोरडा बर्फ म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. त्याच्या पांढऱ्या धुक्यासोबत सुटणारा हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. पोरांना रंगमंचालगत सतरंजीवर बसवलं असेल तर कोरडा बर्फ वापरूच नये.

केपकडे लक्ष द्या. कलाकाराची असो वा पोरांना वर घातलेली, ती गळ्याशी गाठ मारून बांधलेली नको. वेल्क्रो किंवा टिचबटण हवं, म्हणजे कुणी मागून ओढली तर ती सुटून येते, गळा आवळत नाही. घरी ओढणी नाहीतर टॉवेल बांधून खेळणाऱ्या पोरांनाही हेच सांगावं. ‘उडणं फक्त खेळातलं, गच्चीवरून कुणी उडायचं नाही’ हे वाक्य हिरोने स्वतः, गंमत थांबवून, पोरांकडून वदवून घ्यायला हवं. जे संच हे करतात त्यांच्याविषयी आदर वाटतो. फुगे वाटणार असतील तर आठ वर्षांखालच्या मुलांच्या हाती मोठ्यांचं लक्ष असल्याशिवाय देऊ नका. फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात अडकतो.

बसायचं कुठे? पहिल्या दोन रांगा मोहात पाडतात, पण रंगमंच उंच असल्याने छोट्यांना मान वर करून बसावं लागतं आणि हिरो मागे गेला की फक्त डोकं दिसतं. चौथ्या ते दहाव्या रांगेतली, मधल्या वाटेलगतची खुर्ची उत्तम. कलाकार तिथूनच ये-जा करतात. नाट्यगृहाच्या खुर्च्यांची बैठक स्प्रिंगने आपोआप मिटते, आणि पंधरा-सोळा किलोचं लेकरू टेकून बसलं की बैठक त्याच्यासकट वर उचलली जाते, पाय मधे अडकतात. जाडसर चादरीची घडी करून न्यावी आणि ती बैठकीच्या पुढच्या कडेवर ठेवून लेकराला पुढे सरकवून बसवावं. बैठक खाली राहते आणि उंचीही चार बोटं वाढते. छत्रपती संभाजीनगरचं सिडकोतलं संत तुकाराम नाट्यगृह, उस्मानपुऱ्यातलं संत एकनाथ रंगमंदिर, निराला बाजारातलं तापडिया नाट्यमंदिर, नांदेडचं शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह, परभणीचं बी. रघुनाथ सभागृह: कुठेही प्रयोग असला तरी बुकिंग करताना आसनांचा नकाशा मागून घ्यावा आणि वाट कुठून जाते ते बघूनच आकडे निवडावेत.

लांबी साठ मिनिटं, फार तर सत्तर. मध्यंतर ठेवलं की पोरं वेफर्सची पाकिटं घेऊन येतात आणि पुढचा अर्धा तास त्या चुरचुर आवाजात जातो. त्यापेक्षा मधे एक उभं राहून नाचायचं गाणं असावं. ज्यांना लघवीला जायचंय ते तेवढ्यात जाऊन येतात. वेळ सकाळी अकराची किंवा संध्याकाळी पाचची बरी. दुपारी दोनच्या प्रयोगाला जेवून आलेली लहानगी हमखास झोपतात. मे महिन्यात पारा चाळीसच्या पुढे जातो. लायक्राचा अंगाला चिकटणारा पोशाख आणि आत फोमचे दंड-छाती घालून कलाकाराला सलग उड्या मारता येत नाहीत. दर पंधराएक मिनिटांनी हिरोला विंगेत पाणी प्यायला जागा मिळेल असे खलनायकाचे एकट्याचे प्रसंग संहितेत पेरलेले असतात. ते नसतील तर शेवटची वीस मिनिटं हिरो दमलेला दिसतो.

शाळांनी गॅदरिंगसाठी संच बोलावताना सगळ्या शाळेला एकदम बसवू नये. बालवाडी ते दुसरी वेगळा प्रयोग, तिसरी ते सातवी वेगळा. एकत्र बसवलं की मोठी पोरं युक्त्या आधीच फोडतात आणि लहानांना बोलायला जागा उरत नाही. प्रत्येक प्रयोगाला दीडशे-दोनशे मुलं पुरेत. त्यापुढे हिरोला आवाज ऐकू येतो, उत्तर नाही. मैदानावर असेल तर सूर्य पोरांच्या पाठीशी, कलाकारांच्या तोंडावर हवा. ध्वनियंत्रणेसाठी वेगळा वीजजोड, जनरेटर, आणि वीज गेल्यावर जनरेटर सुरू होईपर्यंत मिक्सर चालू ठेवणारा यूपीएस या तीन गोष्टी लेखी ठरवाव्यात. माइक मेला तर सपोर्टला ढोलकी किंवा डफ असावा. कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली द्यावी. पोरांनी हिरोला चड्डी बदलताना पाहिलं की पुढे काही उरत नाही. लॉनवर रात्रीचा कार्यक्रम असेल तर रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे, म्हणून साडेसातला पडदा वर गेलाच पाहिजे.

पैशाचं गणितही मांडून बघा. तिकीट ३०० रुपयांचं धरलं तर चौघांचे १२०० होतात. नाट्यप्रयोगाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही. ऑनलाइन बुकिंगची सुविधा फी मात्र वेगळी लागते. मांडीवर बसणाऱ्या लेकराचं तिकीट लागतं का, हे आधी विचारा, दारात वाद नको. महाराष्ट्रात नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. ते आहे का, असा प्रश्न आयोजकाला विचारायला संकोच नसावा. मुखवटे आणि लुकलुकणाऱ्या तलवारी प्रयोगाआधी दारात विकणाऱ्यांपासून लेकराला लांब न्यावं, कारण रबर अर्ध्या तासात तुटतं आणि तलवारीचा उजेड मागच्यांच्या डोळ्यांत जातो. काही संच तिकिटासोबत जाड कागदाचा, घरी रंगवायचा मुखवटा देतात. ही पद्धत सगळ्यांनी उचलावी.

शेवटी ‘हिरोसोबत फोटो’ असतो. एका लेकराला वीस सेकंद धरले तरी दोनशे लेकरांना तासाहून जास्त लागतो, आणि घामाघूम कलाकार तोवर उभा. टोकन देणारे किंवा रांगेनुसार दहा-दहा जणांचा एकत्र फोटो काढणारे आयोजक शहाणे. तशी सोय नसेल आणि लेकरू हट्टाला पेटलं असेल, तर गर्दीत न शिरता बाजूला बसून डबा उघडा. शेवटची पंधरा-वीस मुलं उरतात तेव्हा हिरोचा मुखवटा निघालेला असतो, तो गुडघ्यावर बसून एकेकाशी नावाने बोलतो, आणि तो फोटो जास्त चांगला येतो.